रेघ दिसली तर दूध बरं: संकलन केंद्रावरच्या प्रतिजैविक-पट्टी किटची परीक्षा

वजनकाटा, फॅट मशीन, लॅक्टोमीटर आणि टेस्टरचं नाक एवढ्या जोरावर गावचं दूध संकलन केंद्र चालत आलं. आता टँकर उतरवून घेणारे प्लांट प्रतिजैविकांच्या, म्हणजे अँटिबायोटिक औषधांच्या, अंशाची चाचणी मागतात. पास नसेल तर टँकर माघारी येतो, आणि जळगाव-धुळ्याहून लांबवर गेलेलं दूध माघारी येणं म्हणजे दुधाबरोबर डिझेलही गटारात. म्हणून चोपडा, यावल, पारोळा, शिरपूर, साक्री, शहादा या पट्ट्यातल्या बल्क कूलर (गावचं दूध थंड साठवणारी टाकी) चालवणाऱ्यांपुढे एकच प्रश्न असतो: ती पट्टीवाली किट घ्यावी का, आणि घेतली तर ती खरं बोलते का?

इथे परीक्षा केली आहे ती एका ठरावीक साच्याच्या किटची. बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनचं खानदान) आणि टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकांच्या दोन गटांसाठी, ९६ चाचण्यांचा डबा, २०० मायक्रोलिटर दूध, ४० अंश सेल्सियस, तीन अधिक तीन मिनिटं. हा साचा एकाहून जास्त कंपन्या विकतात, म्हणून इथे एका कंपनीचं नाव घेतलेलं नाही. निकाल आधीच सांगून टाकतो: वस्तू चांगली आहे, घ्यावी. पण खान्देशातल्या मे महिन्यात आणि खान्देशातल्याच पौषातल्या पहाटे ती दोन वेगवेगळ्या प्रकारे चुकते. ज्याला हे ठाऊक नाही त्याने किटवर पैसे घालण्याआधी खोलीवर घालावेत.

डब्यात काय येतं

झाकणबंद नळ्या. प्रत्येक नळीत आठ पट्ट्या आणि आठ इवल्याशा वाट्यांची एक माळ. या वाटीला वेल म्हणतात. वेलच्या तळाशी गुलाबी-जांभळट सुका थर असतो. तो म्हणजे सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेली पकडणारी प्रथिनं. टेट्रासायक्लिनसाठी बहुतेक वेळा प्रतिपिंड (अँटिबॉडी) वापरतात. बीटा-लॅक्टमसाठी मात्र जिवाणूच्या पेशीभित्तिकेतलं, पेनिसिलिनला धरणारं प्रथिन असतं. त्यामुळे शास्त्राच्या काटेकोर भाषेत ही अर्धी ‘इम्युनोअसे’ (प्रतिपिंडावर चालणारी चाचणी) आणि अर्धी ‘रिसेप्टर-असे’ (औषध धरणाऱ्या प्रथिनावर, म्हणजे रिसेप्टरवर, चालणारी चाचणी). हा फरक पुस्तकी वाटतो, पण कामाचा आहे. प्रतिपिंड बहुधा एकाच रेणूवर किंवा त्याच्या जवळच्या भावंडांवर बसतं. रिसेप्टर मात्र पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन आणि बरीचशी सेफॅलोस्पोरिन अशा सगळ्या खानदानाला धरतो, कारण जिवाणूला मारताना ही औषधं त्याच जागी बसतात. सगळ्यांना सारख्याच ताकदीने धरतो असं मात्र नाही. सेफॅलेक्सिन बऱ्याच पट्ट्यांना जेमतेम दिसतं. किटसोबतच्या कागदावर औषधवार तक्ता असतो, तो वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

याखेरीज ४० अंशांचा छोटा हीटर ब्लॉक, २०० मायक्रोलिटरचं ठरावीक मापाचं पिपेट आणि टिप लागतात. काही विक्रेते हे डब्यासोबत देतात, काही वेगळं बिल लावतात. रीडर मशीन ऐच्छिक आहे, त्याबद्दल पुढे.

उलटी रेघ

या किटवर सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कोरोनाच्या घरगुती चाचणीने सगळ्या महाराष्ट्राला एक सवय लावली: दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह. दुधाची पट्टी बरोबर उलटी चालते. दुधात औषध नसेल तर सोन्याला चिकटलेली प्रथिनं मोकळी राहतात, पट्टीवर चढताना चाचणी-रेघेवर अडकतात आणि रेघ लालभडक उठते. दुधात औषध असेल तर प्रथिनांची तोंडं आधीच बंद झालेली असतात. ती रेघेवर थांबत नाहीत, पुढे निघून जातात. रेघ फिकी पडते किंवा उठतच नाही. म्हणजे तीन ठळक रेघा, एक नियंत्रण आणि दोन चाचणीच्या: दूध बरं. रेघ गेली: दूध गेलं. नियंत्रण-रेघच नाही: चाचणी बाद, दुधाबद्दल काहीही कळलेलं नाही.

नव्या टेस्टरला हे तोंडी सांगून भागत नाही. ब्लॉकच्या वर भिंतीवर चार पट्ट्यांचं रंगीत चित्र लावावं: पास, बीटा-लॅक्टम नापास, टेट्रा नापास, चाचणी बाद. नियंत्रण-रेघ वर की खाली, हे कंपनीगणिक बदलतं. डब्याची कंपनी बदलली की चित्रही बदलायचं.

फिक्या रेघेचा नियम असा: चाचणी-रेघ नियंत्रण-रेघेपेक्षा स्पष्ट गडद असेल तरच पास. सारखी असेल किंवा फिकी असेल तर नापास धरायचं आणि दुसऱ्या पट्टीवर पुन्हा पाहायचं. “थोडी दिसते ना, मग चालतंय” हे वाक्य या चाचणीत सगळ्यात महाग पडतं.

करायची पद्धत, आणि कुठे हात चुकतो

किट फ्रीजमध्ये दोन ते आठ अंशांवर ठेवायची. नळी बाहेर काढली की लगेच उघडायची नाही. दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. थंड नळी उघडली की थंड पाण्याच्या तांब्याला घाम येतो तसा आत घाम येतो, आणि पट्टीला ओलावा लागला की ती दूध सारखं वर ओढत नाही. श्रावण-भादव्यात हा त्रास दुप्पट. लागतील तेवढीच वेल आणि तेवढ्याच पट्ट्या काढून झाकण घट्ट लावायचं. झाकणातले ओलावा शोषणारे दाणे फेकून द्यायचे नाहीत.

ब्लॉक चालू करून ४० अंश स्थिर होऊ द्यायचा. नमुन्याची बाटली हळूच आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची. जोरात हलवून फेस आणायचा नाही, कारण पिपेटमध्ये फेस गेला की २०० च्या जागी १५० मायक्रोलिटर दूध जातं. कमी दूध म्हणजे कमी औषध, आणि मग रेघ खोटीच ठळक येते. जास्त दूध गेलं तर उलट. प्रत्येक नमुन्याला नवीन टिप. एक टिप धुऊन तीन नमुन्यांना वापरणं हे कंजूषपण नसून मूर्खपणा आहे, कारण नापास दुधाचा एक थेंब पुढच्या नमुन्यात गेला की निर्दोष माणसाचं दूध अडतं.

दूध वेलमध्ये सोडून तळाचा रंग पूर्ण विरघळेपर्यंत पिपेटने चार-पाच वेळा वर-खाली करायचं. तळाशी गुलाबी ठिपका उरला तर चाचणी बिघडलीच समजा. ब्लॉकमध्ये तीन मिनिटं. मग बाण खाली करून पट्टी बुडवायची आणि आणखी तीन मिनिटं. घड्याळ लावायचं, अंदाज नको. वेळ झाली की पट्टी काढून खालचा ओला पॅड तोडायचा आणि लगेच वाचायचं. अर्ध्या तासाने वाळलेली पट्टी पाहून निकाल बदलायचा नाही. वाळताना रेघांचा रंग बदलतो आणि प्रत्येकाला आपल्याला हवं ते दिसू लागतं. नोंदीसाठी पट्टीचा फोटो तिथल्या तिथे काढावा, शेजारी केंद्राचा कोड आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी ठेवून.

उकाडा आणि गारठा

ब्लॉक हे गरम करणारं यंत्र आहे, थंड करणारं नाही. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. पत्र्याच्या शेडमधल्या केंद्राची खोली दुपारी ४३ अंश असेल, तर ४० वर लावलेला ब्लॉक ४० वर येणारच नाही. आकडा तांबड्या अक्षरात लुकलुकत राहील आणि टेस्टर “गरम आहे ना, मग झालं” म्हणून पुढे जाईल. पकडणारा रिसेप्टर हे प्रथिन आहे आणि उष्णता त्याला सोसत नाही. तो थकला की स्वच्छ दुधातही बीटा-लॅक्टमची रेघ फिकी पडते. म्हणजे उकाडा चांगलं दूध नापास करतो.

गारठ्यात उलट होतं. पौषात पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, कूलरमधलं दूध चार अंशांचं असतं आणि ब्लॉकचं झाकण उघडं राहिलेलं असतं. वेलमधलं दूध तीन मिनिटांत ४० वर पोहोचतच नाही. औषध आणि रिसेप्टर यांची गाठ पडायला उष्णता आणि वेळ दोन्ही लागतात. गाठ अपुरी पडली की मोकळी राहिलेली प्रथिनं रेघेवर बसतात. रेघ ठळक येते आणि वाईट दूध पास होतं. ही चूक जास्त घातक, कारण ती कोणाला कळत नाही. टँकर पुढे गेल्यावर प्लांटमध्ये कळते.

उपाय महागडा नाही. उन्हाळ्यात चाचणी सकाळ-संध्याकाळच्या संकलनाच्या वेळीच उरकावी, ब्लॉक भिंतीच्या सावलीच्या बाजूला ठेवावा, आणि खोली पस्तीसच्या आत ठेवण्यासाठी हवेचा कूलर लावावा. मात्र त्याच्या झोतात पट्ट्यांची नळी उघडायची नाही, त्या हवेत पाणीच पाणी असतं. हिवाळ्यात नमुना आधी खोलीच्या तापमानाला आणावा आणि ब्लॉक वीस मिनिटं आधी चालू करावा. ब्लॉकच्या एका खाचेत पाणी घातलेली वेल ठेवून बारीक थर्मामीटरने महिन्यातून एकदा खरं तापमान पाहावं. ब्लॉकच्या पडद्यावरचा आकडा आणि खाचेतलं तापमान यांचं नेहमी जमतंच असं नाही.

लाइट जाणं हा तिसरा भिडू. ब्लॉक लहान इन्व्हर्टरवर आरामात चालतो. किटचा फ्रीज मात्र इन्व्हर्टरवर नसतो. फ्रीजमध्ये बर्फाच्या दोन थैल्या कायम ठेवाव्यात आणि दरवाजात नाही तर मधल्या कप्प्यात किट ठेवावी. बर्फाच्या कप्प्याला चिकटवूनही नको, पट्ट्या गोठवायच्या नसतात.

सगळ्यात मोठा उकाडा मात्र केंद्राच्या बाहेर असतो: पुण्या-मुंबईहून कुरिअरने येणाऱ्या डब्याचा प्रवास. शनिवारी निघालेला डबा सोमवारी धुळ्याच्या गोदामात उन्हात पडलेला असतो. ऑर्डर देताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या थैल्या, सोमवार-मंगळवारीच रवानगी, आणि पोहोचल्यावर नियंत्रण-चाचणी फसली तर बदलून देणं. पेटी उघडताना थैल्या पूर्ण वितळून कोमट झाल्या असतील तर फोटो काढा. नुसतं तोंडी सांगितलं तर “आमच्याकडून थंडच निघाली होती” एवढंच उत्तर मिळतं.

नियंत्रण-चाचणी कोणी करत नाही

प्रत्येक नव्या डब्यावर आणि रोज कामाच्या सुरुवातीला दोन नियंत्रणं चालवायची: एक औषधमुक्त दूध, एक माहीत असलेल्या प्रमाणात औषध घातलेलं. दुसरं बहुधा सुक्या भुकटीच्या कुपीत मिळतं, सांगितलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून वापरायचं. पहिलं ठळक आणि दुसरं फिकं आलं तरच त्या दिवसाचे निकाल ग्राह्य. उन्हात भाजलेली किट इथेच पकडली जाते, कारण स्वच्छ नियंत्रणाचीच रेघ फिकी येते.

खर्चाचा हिशोबही इथेच चुकतो. समजा चार रूट, दोन वेळा, म्हणजे दिवसाला आठ नमुने. दोन नियंत्रणं धरून दहा पट्ट्या. ९६ चा डबा साडेनऊ दिवस चालतो आणि त्यातल्या एकोणीस-वीस पट्ट्या नियंत्रणातच जातात. नापास आलेल्यांची फेरचाचणी वेगळी. विक्रेता डब्याची किंमत ९६ ने भागून सांगतो; केंद्राने ७० ने भागावी.

एका ट्यूबमध्ये किती दूध बुडतं

केंद्रावर एक प्रश्न हमखास येतो: हजार लिटरच्या कूलरमध्ये एका गाईचं दहा लिटर दूध गेलं तर काय फरक पडतो? आकडे मांडून पाहा. कासदाहावर, गावच्या भाषेत दगडीवर, सडात सोडायच्या एका नेहमीच्या ट्यूबमध्ये ७५ मिलिग्रॅम ॲम्पिसिलिन आणि २०० मिलिग्रॅम क्लॉक्सासिलिन असतं. ॲम्पिसिलिनची दुधातली युरोपीय मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅम. ७५ मिलिग्रॅम म्हणजे ७५,००० मायक्रोग्रॅम. त्यातलं फक्त पाच टक्के, ३,७५० मायक्रोग्रॅम, त्या वेळच्या दुधातून कूलरमध्ये आलं तरी सव्वानऊशे लिटर दूध मर्यादेला टेकतं. एक गाय, एक सड, एक ट्यूब आणि हजार लिटरचा कूलर काठावर.

पेनिसिलिन जीची मर्यादा कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकं) आणि युरोप दोन्हीकडे ४ मायक्रोग्रॅम आहे, टेट्रासायक्लिन गटाची १००, क्लॉक्सासिलिनची युरोपात ३०. एफएसएसएआय या आपल्याकडच्या अन्नसुरक्षा संस्थेची स्वतःची यादी आहे. प्लांट करारात कोणती यादी धरतो हे लेखी विचारून घ्यावं, कारण पट्टी ज्या पातळीला रेघ घालवते ती पातळी त्या यादीच्या खाली असली पाहिजे. फार खाली असली तरी पंचाईत: कायद्याने चालणारं दूधही नापास होतं आणि पशुपालकाशी विनाकारण भांडण होतं. पेनिसिलिनसाठी दोन ते चार मायक्रोग्रॅमला रेघ घालवणारी पट्टी योग्य.

आणि “ज्या सडात ट्यूब सोडली तेवढंच दूध बाजूला काढलं” हा समज. औषध कासेतून रक्तात शोषलं जातं आणि थोडं थोडं इतर सडांच्या दुधातही उतरतं. चारही सडांचं दूध बाजूला काढायचं, तेही ट्यूबच्या वेष्टनावर लिहिलेले पूर्ण दिवस. वेष्टनावर काहीच लिहिलं नसेल तर २०१२ पासून औषध नियमांत दुधासाठी किमान सात दिवसांचा काळ धरलेला आहे. त्याच बादलीत निरोगी गाईचं दूध काढलं तर सगळं मुसळ केरात.

उकळलं की जातं, हाही भ्रमच. घरगुती उकळीने पेनिसिलिन थोडंफार कमी होतं, संपत नाही. दही लावणाऱ्यांना हे चाचणीशिवाय आधीच कळतं: विरजण घालूनही दूध रात्रभर ढिम्म. विरजणातले जिवाणू पेनिसिलिनला फार हळवे असतात. खवा आणि पनीर करणाऱ्यांकडे मात्र अशी धोक्याची घंटा नाही.

कूलर नापास आला तर

किटची खरी किंमत इथे वसूल होते किंवा वाया जाते. कूलर नापास दाखवून पट्टी गप्प बसते. कोणाचं दूध, हे ती सांगत नाही. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घन भाग) मोजायला प्रत्येक सभासदाचा नमुना घेतलेलाच असतो, पण बहुतेक ठिकाणी मशीनवर लावून झाला की उरलेलं दूध पुन्हा कॅनमध्ये जातं. ते वीस मिलिलिटर नंबर टाकलेल्या बाटलीत, फ्रीजमध्ये, टँकरचा निकाल येईपर्यंत ठेवायचं. फॉर्मॅलिन घालायचं नाही. ते प्रथिनांची बांधणीच बदलतं आणि पट्टी निकामी होते.

चाळीस सभासद असतील तर चाळीस पट्ट्या जाळायची गरज नाही. पाच-पाच बाटल्यांचे आठ मिश्र नमुने करा, आठ पट्ट्या. जो गट नापास येईल त्यातले पाच वेगळे, पाच पट्ट्या. तेरा पट्ट्यांत गोठा सापडतो. मिसळल्याने औषध पाचपट पातळ होतं हे खरं, पण सगळ्या कूलरमध्ये पातळ होऊनही जे पकडलं गेलं ते पाचात लपणार नाही. दोन गोठे दोषी असतील तर अठरा पट्ट्या लागतील, एवढंच.

नापास पट्टी म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे. ही गाळणी-चाचणी आहे. कोणत्या औषधाचे किती मायक्रोग्रॅम हे एलसी-एमएस-एमएस यंत्रच सांगतं; तसे नमुने एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत किंवा आणंदच्या एनडीडीबी काफ या प्रयोगशाळेत बर्फावर पाठवावे लागतात. सभासदाचं दूध एका पट्टीवर बंद करू नये. दुसऱ्या पट्टीवर, शक्य तर त्याच्यासमोर, पुन्हा पाहावं आणि मग विचारावं: दादा, गेल्या आठवड्यात डॉक्टर आले होते का, काय दिलं? नापास दूध नाल्यात ओतायला लावून लाजवण्यापेक्षा या प्रश्नाने पुढच्या महिन्याचं दूध वाचतं.

म्हशीचं, शेळीचं आणि बिघडलेलं दूध

बऱ्याच किटचं प्रमाणीकरण गाईच्या एकत्रित दुधावर झालेलं असतं. सात-साडेसात फॅटचं म्हशीचं दूध पट्टीवर संथ चढतं. तीन मिनिटांत नियंत्रण-रेघ पुसट राहिली तर वेळ वाढवू नका. नमुना ४० अंशांवर नीट कोमट करून, साय मिसळून, पुन्हा नव्या पट्टीवर घ्या. थंड बाटलीच्या वरच्या थरातून पिपेट भरलं तर निव्वळ साय येते. विक्रेत्याकडून म्हशीच्या दुधासाठीचा प्रमाणीकरण अहवाल मागा. साक्री-नवापूरकडे शेळीचं दूध घेणाऱ्यांनी शेळीसाठी वेगळा मागावा.

चीक, गुठळ्या आलेलं दगडीचं दूध, आणि आंबायला लागलेलं दूध या पट्टीवर घालू नये. आधी उकळून फुटतं का ते पाहा; फुटणारं दूध पट्टीचा कागद तुंबवतं आणि खोटे निकाल देतं. सोडा घालून आंबटपणा झाकलेल्या दुधाचंही काही खरं नाही.

पट्टीला काय दिसत नाही

दोन गटांपलीकडे ती आंधळी आहे. एन्रोफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन, सल्फा, टायलोसिन यांच्यापैकी काहीही दुधात असलं तरी तीन ठळक रेघा येतील. चार-चार गटांच्या पट्ट्या मिळतात, महाग असतात. ज्या भागात एन्रोफ्लॉक्सासिनची सुई जास्त चालते तिथे रोज दोन गटांची आणि आठवड्यातून एकदा चार गटांची, हा मेळ परवडतो. कोणता भाग तसा आहे हे जाणून घ्यायला गावच्या मेडिकलवाल्याशी पाच मिनिटं बोलणं पुरतं.

अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीपासून येणारं विष; ही प्रतिजैविकांची गोष्टच नाही, पण कापसाच्या या मुलखात सरकी पेंडीवर म्हशी पोसल्या जातात आणि बुरशी लागलेली पेंड थेट दुधात उतरते. एफएसएसएआयच्या २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी प्रतिजैविकं मर्यादेबाहेर ७७ मध्ये निघाली आणि अफ्लाटॉक्सिन ३६८ मध्ये. त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, आणि पट्टी वेगळी. प्रतिजैविक पास म्हणजे दूध निर्दोष, असा बोर्ड लावू नये.

जिवाणूंच्या वाढीवर चालणारी, जांभळ्याचं पिवळं होणारी चाचणी, डेल्व्होटेस्टच्या जातीची, जास्त औषधं पकडते. पण ६४ अंशांवर तिला अडीच-तीन तास लागतात, आणि तोवर टँकर उभा ठेवता येत नाही. शिवाय चिकातले आणि दगडीच्या दुधातले नैसर्गिक जंतुरोधक, किंवा धुण्याच्या औषधाचा अंश तिला फसवतो. ती महिन्याच्या तपासणीला ठीक, कूलरच्या दाराशी नाही.

रीडर घ्यावा का

रीडर दोन रेघांच्या गडदपणाचं गुणोत्तर आकड्यात देतो आणि कागद छापतो. फिक्या रेघेवरची भांडणं संपतात, हा त्याचा मुख्य फायदा. दिवसाला चार-पाच नमुने करणाऱ्या गावच्या केंद्राला गरज नाही. चांगला उजेड आणि भिंतीवरचं चित्र पुरे. चिलिंग सेंटरला मात्र घ्यावा, कारण तिथे पाळ्या बदलतात आणि प्रत्येकाचे डोळे वेगळे असतात. लाल रंग न ओळखणारा टेस्टर असू शकतो, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. एका कंपनीचा रीडर दुसरीच्या पट्ट्या वाचत नाही, म्हणून रीडर घेतला की पट्ट्यांचा पुरवठादार बांधला गेला. आधी पट्टी वर्षभर वेळेवर मिळते का ते पाहा, मग रीडर.

अंड्यांसाठी ही वाट नाही

नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांकडून विचारणा होते की हीच पट्टी अंड्याला चालेल का. नाही. अंड्यातली चरबी आणि प्रथिनं आधी द्रावकाने काढावी लागतात, आणि तिथे एलिसा लागते: ९६ खाचांची प्लेट, प्रमाण-द्रावणं दुहेरी, तास-दीड तासाचं काम, धुण्याच्या फेऱ्या, शेवटी ४५० नॅनोमीटरवर वाचन. इथेही रंग उलटा, जास्त पिवळा म्हणजे औषध कमी. नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांचे अवशेष शोधायचे तर नमुना रात्रभर ३७ अंशांवर रसायनाबरोबर ठेवावा लागतो, तेव्हा कुठे प्रतिपिंड त्यांना ओळखतं. आणि एसी नसलेल्या खोलीत प्लेटच्या कडेच्या खाचा मधल्यांपेक्षा लवकर तापतात, म्हणून एकाच नमुन्याचे कडेचे आणि मधले आकडे जुळत नाहीत. फार्मवर ही मांडामांड करू नये. महिन्यातून एकदा सगळ्या शेडमधली अंडी मिसळून केलेला नमुना प्रयोगशाळेला द्यावा, आणि औषधाची वही शेडच्या दारावर टांगावी.